सरावाच्या लढतीत डोके जपताना
बॉक्सिंगमधील सरावाच्या लढतीसाठी साधारणतः 16 औंसांचे ग्लोव्ह्ज आणि दातांना नीट बसणारा माउथगार्ड वापरावा. मात्र हेडगार्डच्या भरवशावर ठोशांचा जोर वाढवू नये, कारण ते कातडी फाटण्यापासून बचाव करते, पण कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका थांबवत नाही. जोर किती ठेवायचा हे जोडीदाराशी आधीच ठरवावे आणि तो नकळत वाढू लागला की लगेच सांगावे. यात कमीपणा मुळीच नाही. डोक्याला मार लागल्यावर डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे किंवा नुकतेच घडलेले न आठवणे यांपैकी एकही लक्षण जाणवल्यास त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवावा आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत पुन्हा लढतीला उतरू नये, मग स्पर्धा कितीही जवळ आलेली असो.