सुरतेत नव्याने आलेल्या खानदेशी मंडळींसाठी: गोधडी, माती आणि खडूंचा गट

जळगाव, धुळे, नंदुरबारहून सुरतेला आलं की खोली अन् काम ओळखीपाळखीतून मिळतं. उधना-लिंबायतला अहिराणी कानावर पडतेच. तरी सुरुवातीचे महिने झोप उडते, चिडचिड होते, गावाकडून फोन आला की बोलवत नाही. कोणी ‘मन दुखतंय’ म्हणत नाही, डोकं जड आहे, पोट बिघडलंय असंच सांगतात. म्हणून अशांसाठी आधाराचा गट काढताना ‘या, मन मोकळं करा’ असं आवतन देऊ नका. ‘गोधडी शिवायला बसतोय, या’ म्हणा.

आठ-दहा जण, आठवड्यातून एकदा, दीड तास, जागा एकच. लूमवर (यंत्रमागावर) पाळी बदलली की माणूस गळतो, म्हणून तीच बैठक सकाळी आणि संध्याकाळी अशी दोनदा ठेवा. चालवणारे दोघे हवेतच.

गोधडीसाठी जुन्या लुगड्या-धोतराचे १३ इंची चौकोन कापा, माणशी तीन थर. शिवण जाऊन १२ इंच उरतात आणि नऊ तुकड्यांची तीन फुटी गोधडी होते. धावदोरा कडेकडून आत घ्या. नजर सुईवर असते, समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, हात एका लयीत चालतो, आणि मग बोलणं आपसूक निघतं. नाही निघालं तरी बिघडत नाही. पण ज्या बाया घरी दिवसभर साड्यांना टिकल्या चिकटवतात, धागे कापतात, त्यांच्या हाती पुन्हा कापड देऊ नका. त्यांना माती द्या.

कुंभाराकडची मळलेली माती माणशी अर्धा किलो पुरते. ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावा, फार सैल झाली तर वर्तमानपत्रावर थापून पाणी शोषू द्या. ‘गुलाबाई करू’ म्हटलं की ‘मला कुठे येतं’ हा प्रश्नच राहत नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत ही मातीची मूर्ती घराघरात बसलेली सगळ्यांनी पाहिलेली असते, गाणीही पाठ असतात.

चित्राला मोठा पांढरा कागद देऊ नका, माणूस थिजतो. पोस्टकार्डाएवढा कागद आणि तेलखडू द्या. जलरंग पसरतात अन् नवख्याला वाटतं आपण बिघडवलं. पेन्सिल-रबर दिलं तर नुसतं खोडणं चालतं. विषय साधा ठेवा: खोलीची खिडकी, कालचा डबा. सोडलेलं घर, कर्ज, भाऊबंदकी हे आपणहून मागायचं नाही. युद्धातून पळून आलेल्या निर्वासितांबरोबर तर हे फारच जपायला लागतं. चित्रकार फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांनी प्रागमध्ये निर्वासितांच्या मुलांना आणि पुढे १९४२ ते १९४४ या काळात तेरेझिनच्या नाझी छावणीत कोंडलेल्या मुलांना चित्रकला शिकवली. तिथेही त्या रेषेची लय, चिकटकाम असे रीतसर धडे घेत.

गट मोडतो तो बहुतेक वेळा चालवणाऱ्यांच्या उत्साहाने. काळं घर दिसलं की ‘दुःख आहे’ असा अर्थ लावू नका, हाताशी काळाच खडू असेल. ‘याबद्दल काही सांगायचंय का ताई?’ इतकंच विचारा, ‘नाही’ म्हणाल्या तर पुढे चला. स्पर्धा नको: एकीला बक्षीस दिलं की बाकीच्या यायच्या थांबतात. विचारल्याशिवाय फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकू नका. काम ज्याचं त्याचं, त्याने फाडलं तरी.

कोणी थरथरू लागलं, गप्प झालं, तर सगळ्यांनी घोळका करू नये. एकाने बैठक चालू ठेवावी, दुसऱ्याने त्यांना दाराजवळ बसवावं: पाय जमिनीवर टेकलेले, हातात गार पाण्याचा पेला, आणि डोळ्यांना दिसतात त्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगायची. काय आठवलं ते विचारू नका.

हा आधाराचा गट आहे, उपचार नव्हे, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. दोन आठवडे झोप नाही, दारू वाढली, जेवण सुटलं, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावून द्या. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठी-गुजरातीत बोलता येतं. शेजारी बसूनच लावा, नुसता नंबर दिला तर तो खिशातच राहतो. जगायचं नाही असं कोणी बोललं तर त्यांना खोलीवर एकटं पाठवू नका, सोबत घेऊन थेट सिव्हिल हॉस्पिटल गाठा.