कॉम्प्युटरवर वायफाय गंडलं? या चुका टाळा

नेट बंद पडलं की बरेच जण सगळ्यात टोकाचा उपाय सगळ्यात आधी करतात, राउटरच्या मागच्या बारीक भोकात पिन खुपसून रिसेट. प्लीज नको. रीस्टार्ट वेगळं, रिसेट वेगळं. रीस्टार्ट म्हणजे प्लग काढायचा, अर्धा मिनिट थांबायचं, परत लावायचा, बस. रिसेट केलं की वायफायचं नाव, पासवर्ड सगळं पुसलं जातं आणि कनेक्शन पीपीपीओईवालं (कंपनीने दिलेल्या युजरनेम-पासवर्डने राउटर लॉगिन करतो ते) असेल तर त्याचा युजरनेम-पासवर्डपण जातो, मग तो शोधत बसा.

आधी फोन त्याच वायफायला जोडून बघा, पण मोबाईल डेटा बंद करून! हे हमखास विसरतात, फोन डेटावर चालत असतो आणि शिव्या कॉम्प्युटरला. फोनवरही नेट नसेल तर दोष बहुतेक राउटरचा नाहीतर लाइनचा, कॉम्प्युटरच्या सेटिंगना हात लावू नका.

काड्या फुल आहेत म्हणजे नेट असलंच पाहिजे, ही दुसरी चूक. काड्या फक्त राउटरपर्यंतचं सांगतात, पुढचं नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करून एंटर दाबा, डीफॉल्ट गेटवेसमोर राउटरचा नंबर दिसेल, बऱ्याचदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, त्याला पिंग करा, म्हणजे ping लिहून पुढे तो नंबर टाका आणि उत्तर येतं का बघा. मग ८.८.८.८ ला (हा गूगलचा इंटरनेटवरचा सर्व्हर) करा, मग एखाद्या साइटच्या नावाला. पहिल्यालाच उत्तर नाही तर घोळ घरातच, पहिलं चालतं पण दुसरं नाही तर राउटरच्या पुढे, आणि फक्त नाव चालत नसेल तर घोळ डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा नंबर शोधणारी सेवा), नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून बघा. आणि हो, तुमच्या कॉम्प्युटरचा स्वतःचा आयपी (नेटवर्कवरचा नंबर, तोही आयपीकॉन्फिगमध्येच दिसतो) १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने नंबर दिलेलाच नाही, विंडोजने आपल्या मनाने घेतलाय. वायफाय तोडून परत जोडा, नाहीच झालं तर राउटर रीस्टार्ट.

आता जागेचा विषय, यात लोक सगळ्यात जास्त फसतात. वायफायचे नेहमीचे पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ लांब पोचतं पण त्यावर गर्दी फार, ब्लूटूथ तिथेच, शेजाऱ्यांचे राउटर तिथेच, मायक्रोवेव्हपण तिथेच. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल (पट्ट्यातला छोटा भाग) हाताने निवडायचा तर १, ६ किंवा ११ घ्या, मधले घेतले तर दोन्हीकडचा त्रास. राउटर जवळ असेल तर सरळ ५ गिगाहर्ट्झ वापरा. यूएसबी ३ चं तर कुणाच्या डोक्यातही येत नाही. निळ्या पोर्टला एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली, शेजारच्या पोर्टला वायफायचा डोंगल, आणि कॉपी सुरू झाली की नेट मरतं, कारण यूएसबी ३ चा गोंगाट २.४ च्या पट्ट्यातच येतो. डोंगल यूएसबी एक्स्टेन्शन केबलने थोडा लांब ठेवा, फरक दिसतो. डेस्कटॉपवाल्यांनी मागे अँटेना लावलेत ना तेवढं बघा, कित्येकदा ते मदरबोर्डच्या खोक्यातच पडून असतात 😄

लॅपटॉपवर नेट मधेच तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजर, वायफाय अडॅप्टर, पॉवर मॅनेजमेंट, तिथली वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करू देणारी टिक काढा. काही लॅपटॉपवर हा टॅब नसतोच, सोडून द्या.

वायफायचा ड्रायव्हर (अडॅप्टर चालवणारं सॉफ्टवेअर) 'फ्री अपडेटर' सॉफ्टवेअरने कधीच टाकू नका, कचरा येतो सोबत. लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून घ्या, नेटच नाही तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा, म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला द्या. अपडेटनंतरच बिघडलं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून रोल बॅक, म्हणजे जुना ड्रायव्हर परत.

नेट जोडलंय पण प्रत्येक साइट सुरक्षिततेची वॉर्निंग देतेय? कॉम्प्युटरची तारीख-वेळ बघा आधी, ती चुकलेली असली की असं होतं.

विंडोजचं नेटवर्क रिसेट अगदी शेवटी, सेव्ह केलेले वायफाय पासवर्ड त्यात उडतात, व्हीपीएनपण परत सेट करावं लागू शकतं. कंपनीला फोन लावायच्या आधी लॅन केबल थेट राउटरला जोडून स्पीड बघून ठेवा, कारण पलीकडचा माणूस 'तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम आहे' म्हणणारच, आणि केबलवरही रडत असेल तर हे त्याला पहिल्याच वाक्यात सांगा.