स्प्रॉकेट आणायला जाण्याआधी चेन मोजा

मृगाच्या तोंडावर पेरणी यंत्राचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) तुटतं, आणि नुसते दाते मोजून जालन्याहून आणलेलं नवं चेनवर बसत नाही. दाते तेवढेच, पिच (चेनच्या लगतच्या दोन पिनांमधलं अंतर) वेगळा.

१. चेन ताणून धरा. पहिल्या पिनच्या डाव्या कडेपासून अकराव्या पिनच्या डाव्या कडेपर्यंत टेप लावा. १२७ मिमी भरलं तर पिच अर्धा इंची, १५९ च्या आसपास तर पाच सुती (५/८ इंच).

२. एका दात्याला खडू लावून दाते मोजा.

३. दुकानातच कॅलिपरने पडताळा. पिच भागिले साइन (१८० अंश ÷ दाते), त्यातून रोलरचा (चेनच्या पिनेवर फिरणाऱ्या नळीचा) व्यास वजा. १८ दाते, १२.७ पिच, ८.५१ रोलर: ७३.१ वजा ८.५, म्हणजे समोरासमोरच्या खाचांच्या तळात ६४.६ मिमी. (दाते विषम असतील तर माप किंचित कमी भरतं.)

४. शाफ्टचा व्यास, चावीची खाच आणि हब (मधला जाड, उचललेला भाग): नुसता सपाट, एका बाजूला की दोन्हीकडे, हेही लिहून न्या. हब उलट्या बाजूला आला की चेनची लाइन जुळत नाही.

तेच १२७ चं माप १२९.५ च्या वर गेलं असेल तर चेनही बदला. ताणलेल्या चेनचे रोलर दात्यांवर वर चढतात आणि नवे दाते झिजून आकडीसारखे होतात.