बुजरा घोडा आणि समोरून येणारा ट्रॅक्टर

बुजऱ्या घोड्यावरून आडरस्त्याने जाताना शेजारी भल्या मनाने ट्रॅक्टर थांबवतात, पण गप्प बसून राहतात. त्या गप्प, घरघरणाऱ्या धुडालाच घोडा जास्त बुजतो. त्यांना एकच सांगून ठेवा: लांबूनच बोलायला लागा आणि आम्ही पुढे जाईपर्यंत बोलत राहा. विषय काहीही चालेल. ओळखीचा सूर कानावर पडला की घोडा बराच सावरतो.

१. आवाज येताच रुंद जागा बघून कडेला व्हा.

२. घोड्याचं तोंड थोडं गाडीकडे वळवा. थेट पाठीमागचं त्याला दिसत नाही.

३. लगाम आवळू नका. श्वास सोडा आणि शेजाऱ्याला मोठ्याने उत्तर द्या. बोलताना आपलं अंग सैल पडतं, ते खोगिराखाली त्याला लगेच कळतं. टवकारलेले कान हलायला लागले, मान खाली आली, की निघा.

आभार जरूर माना, माणसं खरंच आपल्यासाठी थांबलेली असतात. हात सोडवत नसेल तर मान हलवली तरी पुरे.

एक मात्र आधीच सांगा: बंद केलेलं इंजिन घोडा बराच लांब गेल्याशिवाय सुरू करायचं नाही. त्या पहिल्या धडधडीलाच तो उधळतो.