ठेकेदारीतून जुन्या घरांच्या खरेदी-विक्रीत उतरताना

जळगाव-भुसावळकडचे तरुण ठेकेदार हल्ली एकच प्रश्न विचारतात: भाऊ, आपण दुसऱ्यांची घरं उभी करतो, मग एखादं जुनं घर स्वतः घेऊन, नीट करून का विकू नये? जरूर विका. मी तेच करतो. पण आपल्याला भिंत कळते म्हणून हा धंदा कळला असं समजू नका. भिंतीचं ज्ञान इथे निम्मं कामाला येतं. नफा ठरतो कागदावर आणि महिन्यांवर.

आधी भिंतीचंच बोलतो, कारण तिथे आपण दलालाच्या पुढे असतो. तापीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. जुन्या घराच्या पायाखाली ती असेल आणि प्लिंथ बीम (पायावर, भिंतीखाली घातलेली सळईच्या काँक्रीटची तुळई) नसेल, तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतातच. गिलाव्याची भेग केसासारखी असते, पायाची भेग भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसते आणि ऋतूप्रमाणे उघडते-मिटते. म्हणून घर मे महिन्यात एकदा आणि चांगल्या पावसानंतर एकदा बघा. मेमध्ये भेगा बोलतात, पावसात ओल. नुकताच रंग दिलेलं घर असेल तर माळ्यावर, संडासाच्या मागच्या बाजूला आणि जिन्याखाली जा, तिथे कोणी रंग देत नाही. स्लॅबच्या पोटाला हातोडीने ठोका. बद्द आवाज आला तर आत सळई गंजून काँक्रीट सुटलंय असं धरा आणि दुरुस्तीचा आकडा मनात वाढवा. धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) जुनं घर असेल तर माती-भिंतीला किंमत नसली तरी सागाचे खांब, तुळया आणि चौकटी मोजून घ्या. त्या लाकडाला गिऱ्हाईक मिळतं आणि पाडकामाचा बराच खर्च त्यातून निघतो.

आता हिशोब. समजा, महापालिका हद्दीत 20 लाखांचं घर घेतलं. मुद्रांक शुल्क आणि स्थानिक अधिभार धरून 6 टक्के म्हणजे 1 लाख 20 हजार, नोंदणी फी 1 टक्का म्हणजे 20 हजार (ही फी 30 हजारांच्या वर जात नाही). वकील, शोध अहवाल (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी), वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस यांना 20 हजार धरा. दुरुस्तीला 5 लाख. एकूण 26 लाख 60 हजार गुंतले. महिना एक टक्का व्याज म्हटलं तर आठ महिन्यांत 2 लाख 13 हजार. घेताना आणि विकताना दलाली मिळून 51 हजार. बेरीज 29 लाख 24 हजार. घर 31 लाखांना विकलं तर हातात पावणेदोन लाख, तेही कराच्या आधी. विक्री आणखी सात महिने लांबली की हे पावणेदोन लाख व्याजातच संपतात.

आणि इथे एक गोष्ट नीट पाहा. त्या 5 लाखांत तुमची ठेकेदारी बाजारभावाने धरली आहे का? हेच काम दुसऱ्याचं केलं असतं तर एक रुपया न गुंतवता साठ-सत्तर हजार सुटले असते. स्वतःची मजुरी फुकट धरून निघालेला नफा हा घराचा नफा नव्हे. तो आकडा वेगळा लिहा, वहीत, दर घराला.

म्हणजे विकताना भाव वाढवून मिळेल या भरवशावर घर घ्यायचं नाही, कमवायचं ते खरेदीत. आणि खान्देशात घर स्वस्त मिळतं ते बहुतेक वेळा भिंतीमुळे नाही, कागदामुळे. वडील गेले, एक मुलगा पुण्याला, एक सुरतेला, घराला कुलूप, मालमत्ता पत्रकावर (मालकीच्या सरकारी नोंदीवर) अजून आजोबांचं नाव. दलाल सांगतो, दोघे भाऊ तयार आहेत, इसार (सौद्याची आगाऊ रक्कम) देऊन टाका. त्या वेळी पहिला प्रश्न विचारा: बहिणी किती?

हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यासाठी 2005 साली वडील हयात असण्याचीही अट नाही. तरी अजून भाऊ बेधडक सांगतात, 'तिचं लग्नात देऊन झालं.' बहीण हक्क सोडत असेल तर नोंदणीकृत हक्कसोड पत्र लागतं, नाहीतर खरेदीखतावर तिची सही. तोंडी होकाराला काडीचीही किंमत नाही. एका घरात भाऊ दोन महिने सांगत होते की बहीण सही देणार नाही. मी स्वतः तिला भेटायला गेलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माले कोनी इचारंच नही." तिला हिस्सा देऊन, मान देऊन सह्या झाल्या आणि आम्हा सगळ्यांचं काम निर्वेध पार पडलं. बहिणीला डावलून स्वस्तात मिळालेलं घर घेऊ नका. कोर्टाच्या भीतीने तर नकाच, पण ते तिच्या बापाचंही घर आहे म्हणूनही नका.

अशा सह्यांसाठी आपल्याकडचे सण लक्षात ठेवा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. श्रावणात कानबाईच्या रोटाला (कानबाई देवीच्या उत्सवाला) सगळी भाऊबंदकी गावच्या घरात एकत्र जेवते. बोलणी त्या आठवड्यात करा. पितृपक्षात मात्र कोणी कागदाला हात लावत नाही, ते दिवस वारस नोंदी आणि थकबाकीच्या चौकशीत घालवा. जुना भाडेकरू असेल तर त्याच्याशी तडजोड झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सगळे वारस जमेपर्यंत मोठी रक्कम द्यायची नाही. थोडा इसार, नोंदणीकृत साठेखत (पुढे खरेदी करण्याचा लेखी करार), आणि त्यात ठरावीक मुदत: तोवर सह्या झाल्या नाहीत तर पैसे परत. कोणी म्हणेल, खरेदी कशाला, जनरल मुखत्यारपत्र घे आणि त्यावरच पुढे विक, शुल्क वाचेल. 2011 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही. वाचलेले सव्वा लाख तुमच्या गिऱ्हाइकाच्या उरावर बसतात.

गिऱ्हाईक कोण, हे घर घेण्याआधी डोळ्यासमोर हवं. आमच्या भागात रेल्वेतून निवृत्त झालेले, शिक्षक, केळीच्या पट्ट्यातून शहरात मुलांच्या शिक्षणासाठी येणारी कुटुंबं. यातले बरेच कर्ज काढणार. बँकेचा माणूस आधी मंजूर नकाशा मागतो. मागे वाढवलेली खोली नकाशात नसेल तर मूल्यांकन घसरतं, कधी कर्जच नाकारलं जातं. गावठाणातल्या घराला तर वर्षानुवर्षं नमुना 8 च्या (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीच्या) उताऱ्याशिवाय कागद नव्हता. 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका (म्हणजे मालमत्ता पत्रकंच) मिळू लागल्या, आणि ज्या गावांत त्या आल्या तिथल्या घरांना कर्जाचा रस्ता मोकळा होतोय. नवख्याने पहिलं घर मात्र मंजूर नकाशा असलेलंच घ्यावं.

दुरुस्तीत पैसा कुठे घालायचा? फॉल्स सीलिंग आणि चकचकीत दिवे नकोत. 45 अंशांच्या उन्हात राहणारं घर आहे हे. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) करून वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी घाला, खालची खोली खरंच थंड राहते. पाण्याची टाकी सावलीत. वायरिंग पूर्ण नवं, अर्थिंगसकट, कारण कूलर आणि एसी दोन्ही चालणार. आणि गच्चीचा जिना सोपा, कठडा पक्का. चैत्रात बिबड्या, पापड, कुरडया घालायला बायका दिवसातून दहादा वर जातात. घर बघायला आलेली गृहिणी ओटा पाहून लगेच गच्चीवर चढते. मी तिच्या चेहऱ्याकडे बघतो, नवऱ्याच्या नाही.

घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे. पुढे पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही ही जुनी अट 2023 मध्ये निघाली, त्यामुळे पत्नीला खरंच भागीदार करायचं असेल तर ते जरूर करा. रोखीचं मात्र कडक ठेवा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. स्वस्त घराचा आणखी एक काटा असतो: रेडी रेकनरचं (सरकारने ठरवलेलं) मूल्य खरेदीच्या किमतीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त असलं, तर फरकावर विकणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही कर लागू शकतो. 24 महिन्यांच्या आत विकलेल्या घराचा नफा अल्पकालीन धरून तुमच्या नेहमीच्या दराने कर लागतो, आणि वरचेवर घेत-विकत राहिलात तर तो धंद्याचं उत्पन्नच. सीएकडे इसाराच्या आधी जा.

ठेकेदारी सोडू नका. घर कागदात अडकलेलं असतानाही गवंड्याला, बिगाऱ्याला शनिवारी हजेरीचे पैसे द्यावे लागतात, आणि ते दुसऱ्यांच्या कामांतूनच येतात. मी एका वेळी एकच घर घेतो. त्याचं खरेदीखत माझ्या नावावर नोंदल्याशिवाय तिथे एक पाटी सिमेंट पडत नाही.