जिवंत पेशींचे फोटो काढताना पेशी भाजू नयेत म्हणून

मायक्रोस्कोपवर रात्रभर टाइमलॅप्स (ठरावीक वेळाने आपोआप फोटो) लावला आणि सकाळी येऊन पाहिलं, तर सगळ्या पेशी गोल होऊन डिशवरून सुटलेल्या. अशा वेळी पहिला संशय औषधावर जातो, नाहीतर इन्क्युबेटरवर. माझाही गेला होता. दोष निघाला निळ्या लेसरचा.

पेशीचे भाग दिसावेत म्हणून घातलेल्या फ्लुओरोसंट डायवर, म्हणजे चमकणाऱ्या रंगावर, लेसरचा उजेड पडला की तो चमकतो, पण सगळी ऊर्जा चमकण्यात खर्च होत नाही. काही रेणू ती ऑक्सिजनला देतात. त्यातून तयार होणारे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू पेशीचं पटल, प्रथिनं, डीएनए, जे हाताशी येईल त्याची नासधूस करतात.

म्हणून प्रयोगाआधी तुलनेची सोय करा. डिशचा एक कोपरा असा ठेवा की तिथे लेसर कधीच पडणार नाही. शिवाय, डाय नसलेल्या पेशींवरही तेवढाच उजेड टाकून बघा.

मग मीडियम, म्हणजे पेशी ज्यात ठेवतात तो पोषक द्रव, बदला. फिनॉल रेड (मीडियममधला लाल रंग) आणि रायबोफ्लेविन नसलेलं घ्या. रायबोफ्लेविन म्हणजे ब-२ जीवनसत्त्व. निळ्या उजेडात त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. डाय निवडताना शक्यतो लाल बाजूचा. ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्या उजेडापेक्षा ६४० नॅनोमीटरचा लाल उजेड पेशीला पुष्कळ सोसतो.

आता फोकस. माझ्या मते सर्वांत जास्त पेशी इथेच मरतात, रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी. शटर उघडं ठेवून ‘सुंदर’ पेशी शोधत दहा मिनिटं फिरायचं आणि नेमकी तीच भाजलेली पेशी निवडायची! शोधाशोध साध्या उजेडात करा, फ्लुओरोसन्स शेवटी दोन क्षण.

लेसर १०० टक्क्यांवर ठेवून ५० मिलिसेकंद एक्स्पोजर देण्याऐवजी १० टक्क्यांवर ५०० मिलिसेकंद देऊन पाहा. एकूण उजेड तेवढाच, पण पेशीला बहुतेकदा हे कमी जाचतं. कॅमेऱ्यात २×२ बिनिंग (शेजारचे चार पिक्सेल मिळून एक) लावलं तर पॉवर आणखी उतरवता येते. फोटो दाणेदार येईल, येऊ द्या. मोजमाप होण्यापुरतं दिसलं की पुरे. थरही मोजकेच घ्या: कॉन्फोकलमध्ये (पेशीचे थराथराने फोटो काढणाऱ्या मायक्रोस्कोपमध्ये) चित्र एका थराचं मिळतं, उजेड मात्र दर वेळी अख्ख्या पेशीतून आरपार जातो.

मधूनमधून मायटोकॉन्ड्रियाकडे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांकडे, लक्ष असू द्या. निरोगी पेशीत त्या बहुधा शेवयांसारख्या लांब असतात. त्या तुटून त्यांचा साबुदाणा व्हायला लागला की उजेड जास्त होतोय. पेशीच्या कडेला फुगे येणं हे त्यानंतरचं लक्षण. डायचा रंग अजून उडालेला नाही, म्हणजे पेशी सुखरूप, असं मात्र धरू नका. इजा त्याआधीच झालेली असू शकते.

दुसऱ्या दिवशी उजेडातल्या आणि अंधाऱ्या कोपऱ्यातल्या किती पेशी विभागल्या ते मोजा. उजेडाकडचा आकडा कमी भरला, तर लेसर निम्म्यावर आणा आणि नवीन डिश लावा. जुन्या डिशचा डेटा कितीही देखणा असला, तरी वापरू नका.