पेस्टो म्हणजे जेनोवाचा ठेचा: घरच्या घरी, स्वस्तात

दुकानात पेस्टोची, म्हणजे पास्त्यात घालायच्या बेसिलच्या हिरव्या ठेच्याची, इवलीशी बरणी उचलली की आधी किंमत दिसते. पुढच्या वेळी बरणी फिरवून मागची घटकांची यादीही वाचा. बऱ्याच बरण्यांत ऑलिव्ह तेलाच्या जोडीला, कधी त्याच्याऐवजी, सूर्यफुलाचं तेल असतं आणि चिलगोज्यांच्या (पाइन नट्सच्या) जागी काजू असतात. घरी करताना आपण ज्या काटकसरीला कचरतो, ती कारखान्याने आधीच केलेली असते. पैसे मात्र आपण पूर्ण मोजतो.

पेस्टो इटलीच्या लिगुरिया प्रांतातला, जेनोवा शहराचा. नाव आलं ‘पेस्तारे’ या क्रियापदावरून, म्हणजे कुटणं, ठेचणं. तेव्हा पेस्टोला मराठीत ठेचा म्हटलं तर काहीच चुकत नाही. जेनोवातही तो संगमरवरी खलात लाकडी दस्त्याने करतात. १८६३ साली जोव्हान्नी बात्तिस्ता रात्तो यांच्या जेनोवी पाककृतींच्या पुस्तकात तो छापून आला. त्यात लिहिलंय की बेसिल नसेल तर मरवा आणि पार्सली घ्या. चीज पार्मेजान आणि हॉलंडचं, दोन्ही मिसळून. शिवाय थोडं लोणी. आज ‘अस्सल’ म्हणून सांगितली जाणारी सात घटकांची यादी (बेसिल, ऑलिव्ह तेल, दोन प्रकारची चीज, चिलगोजे, लसूण, मीठ) डोळ्यांसमोर ठेवून ही कृती वाचली की धीर येतो. हाताशी असेल ते वापरायची सवय त्या गावालाही होती.

बेसिल: इथे तडजोड नको

चव सगळी पानांत आहे, म्हणून काटकसर पानांत करायची नाही, पानं विकत घेण्यात करायची. भाजीवाल्याकडची बेसिलची जुडी महाग असते आणि दुसऱ्या दिवशी काळी पडते. एकदाच चांगली जुडी आणा. त्यातल्या चार-पाच जाडसर काड्या बोटभर लांबीच्या कापा, खालची पानं काढा आणि पेल्यात पाण्यात उभ्या ठेवा. पाणी एक दिवसाआड बदला. आठवड्या-दोन आठवड्यांत पांढरी मुळं फुटतात, मग कुंडीत लावा. रोप वीतभर झालं की शेंडा पानांच्या जोडीच्या बरोबर वर खुडा. तिथून दोन फांद्या फुटतात. खुडत राहाल तितकं झुडूप दाट होतं. तुरा दिसला की लगेच मोडा, कारण फुलांवर आलं की पानं बारीक आणि उग्र होतात. ऊन भरपूर हवं, मात्र मुळाशी पाणी साचलेलं त्याला सोसत नाही. पावसाळ्यात कुंडी आडोशाला घ्या.

पानं कोवळीच घ्या. जेनोवा शहराच्याच प्रा या भागातल्या हरितगृहांमधून रोप लहान असतानाच मुळांसकट उपटून त्याच्या जुड्या बांधतात. त्या भागातल्या बेसिलला २००५ पासून युरोपीय संघाचं उगमस्थानाचं संरक्षणही आहे.

आता आपल्या अंगणातली तुळस. मी एकदा हा प्रयोग केला. बेसिल मिळालं नाही, तुळस भरपूर होती, आणि बेसिल म्हणजे तुळसच की, असं मनाशी म्हटलं. घरात काढा उकळत ठेवल्यासारखा वास सुटला आणि पास्ता कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतला नाही. दोन्ही एका कुळातल्या असल्या तरी जाती वेगळ्या. तुळशीला लवंगेसारखा उग्र वास असतो. सब्जा मात्र बेसिलच्याच जातीचा आहे. आपल्याकडच्या रोपांचा वास इटालियन वाणापेक्षा वेगळा आणि झणझणीत असतो, तरी थोडी कोवळी पानं मिसळून बघायला हरकत नाही.

पानं कमी पडली तर एक तृतीयांशापर्यंत कोवळा पालक घाला. रंग उजळ राहतो आणि चव फारशी हटत नाही. रात्तोच्या कृतीतला मरवा म्हणजे आपल्या वेण्या-गजऱ्यांतला मरवाच. त्याची पाच-सहा पानं पुरतात, पण ती घरच्या कुंडीतली हवीत. फूलवाल्याकडच्या मरव्यावर काय फवारलं असेल सांगता येत नाही. कोथिंबिरीचा पेस्टोही लोक करतात. चांगला लागतो, पण त्याला चटणी म्हणायला काय हरकत आहे हे मला अजून कळलेलं नाही.

बाकीच्या तीन गोष्टी

चिलगोजे आपल्याकडे हिमाचलच्या किन्नौरमधून येतात. झाडांवरून शंकू काढायचे, सुकवायचे, त्यातून दाणे वेगळे करायचे, अशी सगळी मेहनत हाताची, म्हणून भाव चढा. पेस्टोत त्यांचं काम दाटपणा आणि सौम्य स्निग्धता आणण्याचं. ते काम काजू उत्तम करतो. ठेचायचाच आहे तर अख्खा काजू कशाला? तुकडा घ्या. अक्रोडही चालतो. लिगुरियात अक्रोडाचं वेगळं सॉस करतातच, तेव्हा तो तिथे परका नाही. फक्त गरम पाण्यात भिजवून चोळून साल जमेल तितकं काढा, कडवटपणा त्यातच असतो. भाजक्या शेंगदाण्यांची चव सगळ्यांवर कुरघोडी करते. ते मी घालत नाही.

अस्सल पार्मेजान, म्हणजे पार्मिज्यानो रेज्जानो, वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. शाकाहारी घरात हे माहीत असलेलं बरं. हिरवा ठिपका असलेलं, पार्मेजानच्या धर्तीचं भारतीय चीज स्वस्तही पडतं. भुकटी न घेता तुकडा घ्या आणि लागेल तेवढं किसा. प्रोसेस्ड चीजचे क्यूब घातले तर पेस्टो गरम पास्त्यात चिकट होतो. त्यापेक्षा चीज निम्मं करा आणि मीठ चिमूटभर वाढवा.

तेलाचं सोपं आहे. एक भाग एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह, दोन भाग रिफाइंड सूर्यफूल किंवा शेंगदाणा. मोहरीचं किंवा घाण्याचं वासाचं तेल नको. ऑलिव्ह तेल अगदी शेवटी चमच्याने ढवळायचं, म्हणजे थोडंच घातलं तरी वास वर राहतो. शिवाय हे तेल मिक्सरात जोरात फिरलं की कधीकधी कडवटही होतं.

कृती

चार माणसांसाठी: बेसिलची निवडलेली पानं ५० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन घट्ट दाबून भरलेल्या वाट्या. काजू तुकडा २५ ग्रॅम, किसलेलं चीज ३० ग्रॅम, दोन्ही तेलं मिळून चार-पाच मोठे चमचे, खडे मीठ पाव ते अर्धा चमचा, गावठी लसणाच्या दोन-तीन बारीक पाकळ्या. गावठी लसूण तिखट, त्यामुळे इटालियन कृतीतली पाकळ्यांची संख्या डोळे झाकून घेऊ नका.

१. पानं धुवून पंच्यावर पसरा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. ओल्या पानांचा पेस्टो पाणचट होतो आणि लवकर खराबही होतो.

२. खलबत्त्यात करणार असाल तर आधी लसूण आणि मीठ ठेचा, मग काजू. पानं मूठ-मूठ घाला. आता कुटायचं नाही. बत्ता कडेने गोल फिरवत पानं रगडायची. खडे मीठ पानं फाडायला मदत करतं. हिरवा लगदा झाला की चीज आणि मग तेल धारेने. पंधरा-वीस मिनिटं लागतात. लोखंडी खलबत्ता असेल तर राहू द्या, दगडी घ्या.

३. मिक्सरात करायचा तर चटणीचं भांडं पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. पानं चिरडली की त्यातली विकरं हवेशी मिळून रंग काळपट करतात, आणि फिरत्या पात्याच्या उष्णतेने हे आणखी लवकर होतं. लसूण, मीठ, काजू आणि साधं तेल आधी फिरवून घ्या. पानं शेवटी. दोन-दोन सेकंदांचे झटके द्यायचे, मध्ये थांबून कडा खरवडायच्या. पार गुळगुळीत करू नका. चीज आणि ऑलिव्ह तेल हाताने ढवळा.

उरला तर

स्वच्छ कोरड्या बरणीत दाबून भरा, वर तेलाचा पातळ थर द्या, फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. लोणच्यासारखा बाहेर ठेवायचा नाही. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तशा जागी कच्च्या लसणात बोट्युलिझमचे जिवाणू वाढून विष तयार होऊ शकतं. जास्त दिवस हवा असेल तर चीज न घालता बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, वड्या पिशवीत भरा आणि चीज वापरताना घाला. कुंडीला बहर असताना असं करून ठेवलं की पावसाळ्यात बरं पडतं.

वाढायचा कसा

पेस्टो शिजवायचा नाही, कढईत परतायचा तर मुळीच नाही. जेनोवाची जुनी पद्धत स्वतःच काटकसरीची आहे: पास्त्याच्या उकळत्या पाण्यातच बटाट्याच्या फोडी आणि फरसबी. चार माणसांना ३०० ग्रॅम पास्ता, एक मोठा बटाटा, मूठभर फरसबी. बटाटा आधी, पाच मिनिटांनी फरसबी आणि पास्ता. पाणी निथळण्यापूर्वी त्यातलं वाटीभर बाजूला काढा. गॅस बंद करून पास्त्यावर पेस्टो घाला आणि ते पिठूळ पाणी चमचा-चमचा घालत ढवळा. सॉस मिळून येतं आणि तेल कमी लागतं. गरम पाण्याने सैल करा, हे रात्तोनेही सांगितलंय.

आणि मिक्सरचं भांडं तसंच सिंकमध्ये टाकू नका. चटणीचं भांडं विसळून ते पाणी आमटीत घालतो तसं, पास्त्याचं थोडं गरम पाणी त्यात फिरवून घ्या आणि पातेल्यात ओता. पात्यांखाली चमचाभर पेस्टो हमखास अडकलेला असतो.